खडखडणारा पत्रा आणि आपला खिसा

मंडळाचा कार्यक्रम संपून सगळे निघाले की पार्किंग लॉटमध्ये हमखास एक तरी गाडी अशी सुरू होते, की जणू कुणी पत्र्याच्या डब्यात चमचे घालून हलवतंय. गाडी बहुधा दहा-पंधरा वर्षांची कॅमरी किंवा अकॉर्ड असते. मालक काच खाली करून निरोप देतो आणि हसत म्हणतो, "काही नाही हो, जुनी गाडी आहे, चालायचंच!" हे 'चालायचंच' कितपत चालवून घ्यावं, याचा विचार करावा म्हणून आजचा हा लेख. विषय गाडीचा असला तरी तो तब्येतीचाही आहे आणि पैशाचाही, म्हणून या सदरात त्याला जागा आहे.

हा आवाज बहुतेक वेळा इंजिनाचा नसतोच. गाडीच्या पोटाखाली धुराच्या नळीवर एक पातळ पत्रा बसवलेला असतो, त्याला हीट शील्ड म्हणतात. त्याचे स्क्रू गंजून सुटले की तो नळीवर थडथडायला लागतो. म्हणजे रोग किरकोळ, पण आवाज मात्र गाडी आता मोडीत निघणार असा. या आवाजाला आपली मंडळी तीन प्रकारे उत्तर देतात. काही जण रेडिओ मोठा करतात. काही जण खाली वाकून तो पत्राच उपटून फेकून देतात. आणि काही जण घाबरून हजार डॉलरचं बिल भरतात, नाहीतर सरळ नवी गाडी घेतात. माझं मत असं, की या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत. चौथी वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित आहे, आणि तिच्याकडेच आपलं लक्ष जात नाही.

हा पत्रा असतो कशासाठी?

इंजिनातला तप्त धूर मागच्या टोकापर्यंत नेणाऱ्या नळीत मध्येच एक फुगीर डबा असतो, तो म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून तो बहुतेक गाड्यांत आला. धुरातल्या विषारी वायूंचं कमी घातक वायूंत रूपांतर करणं हे त्याचं काम, आणि तापल्याशिवाय त्याला ते करता येत नाही. नेहमीच्या चालण्यात त्याच्या आतलं तापमान साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सियस असतं. एखादा स्पार्क प्लग नीट काम करत नसेल आणि न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन जळू लागलं, तर ते १००० अंशांच्याही वर जाऊ शकतं. आपल्या पोळीचा तवा २००-२५० अंशांच्या आसपास असतो, यावरून कल्पना करावी.

आता या भट्टीच्या आजूबाजूला काय काय असतं ते पाहा. वर गाडीचा तळ आणि त्यावरचा गालिचा. बाजूने पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, विजेच्या तारा. थोडं मागे पेट्रोलची टाकी, तीही हल्ली बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकची. आणि खाली जमीन. जमीन डांबरी असेल तर प्रश्न नाही, पण आपल्या उन्हाळी सहलीत गाड्या कुठे लावतो? मैदानातल्या गवतावर. शरदात सफरचंदं तोडायला जातो तेव्हा? शेतातल्या वाळक्या गवतावर, नाहीतर पानांच्या ढिगावर. सुकं गवत ३०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं. मधला पातळ पत्रा या सगळ्यांना वाचवत असतो. तेव्हा "काढून टाकला, आता आवाज बंद" असं अभिमानाने सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, की आवाजाबरोबर त्याने राखणदारही घरी पाठवला आहे. गाडी त्यानंतरही वर्षानुवर्षं सुखरूप चालेल हे शक्य आहे. पण राखणदार लागतो तो रोजच्या दिवसासाठी नव्हे, एखाद्याच रात्रीसाठी.

गंज चढतो कसा?

कोकणातून आलेल्यांना खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. इथं समुद्र नाही, पण मिशिगन, ओहायो, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क या पट्ट्यात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, आणि त्याचं पाणी गाडीच्या पोटाखाली उडत राहतं. साध्या मिठाखेरीज कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. ही दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे पत्रा कोरडा म्हणून होत नाही. त्यात हा पत्रा आधीच पातळ, आणि दिवसातून चार वेळा तापणारा नि थंड होणारा. गंज प्रथम धरतो तो स्क्रूच्या भोकाभोवती. पत्रा बाकी बरा असतो, फक्त त्याला धरून ठेवणारी जागा खाऊन जाते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पाच डॉलरचा इलाज तिच्यावरच उभा आहे.

धुराची नळी मात्र आतूनही गंजते. एक गॅलन पेट्रोल जळलं की साधारण एक गॅलनभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी बराच वेळ चालली तर ते नळी तापून बाहेर निघून जातं. पण घर ते ट्रेन स्टेशन, घर ते किराणा, अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असतील तर पाणी नळीत नि मफलरमध्येच साचतं. "गाडी अगदी कमी चालली आहे हो" ही जुनी गाडी विकताना सांगायची बढाई धुराच्या नळीपुरती तरी उलटी आहे. तसंच मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली की गंज मंदावत नाही, वाढतो, कारण थंडीत गोठलेलं मिठाचं पाणी उबेत वितळून कामाला लागतं. हिवाळ्यात अधूनमधून, तापमान गोठणबिंदूच्या वर गेलं की गाडीचं पोट धुऊन घ्यावं, ते यासाठी.

चौथी वाट

आधी खात्री करून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक लावावा. टॉर्च घेऊन खाली पाहावं आणि लाकडी काठीने पत्र्याला हलकेच टोचावं. पत्रा खडखडला तर चोर सापडला. गाडीखाली शिरायचं असेल तर ती रॅम्पवर किंवा भक्कम जॅक स्टँडवर उभी असली पाहिजे. टायर बदलायच्या नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, शिरू नये. यात जीव जातात. ज्यांना हे जमण्यासारखं नाही त्यांनी मेकॅनिककडे जावं, त्यात कमीपणा काही नाही.

इलाज असा. हार्डवेअरच्या दुकानात होज क्लॅम्प मिळतात, म्हणजे स्क्रूने आवळायचे गोल पट्टे. ते पूर्ण स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे घेतले तर पुढच्या हिवाळ्यात तेही गंजतील. घेर मोठा असेल तर दोन पट्टे एकमेकांत अडकवून एक लांब पट्टा करता येतो. तो पत्रा आणि नळी यांच्याभोवती गुंडाळून आवाज बंद होईल इतपत आवळावा. चेपेपर्यंत आवळू नये, कारण पत्रा आणि नळी यांच्यातली हवेची फटच खरी उष्णता अडवते. ऑक्सिजन सेन्सरची तार पट्ट्याखाली येत नाही ना, तेवढं पाहावं. पत्रा गाडीच्या तळाला बसवलेला असेल आणि स्क्रू शाबूत पण भोक मोठं झालं असेल, तर रुंद वॉशर घालून काम भागतं. खर्च पाच-दहा डॉलर, वेळ अर्धा तास. डक्ट टेप, प्लॅस्टिकचे झिप टाय असले प्रयोग इथं करू नयेत, ते वितळतात.

पत्रा खाऊन चाळणी झाला असेल किंवा एका टोकाने लोंबत असेल, तर तो मात्र काढावाच. रस्त्यात निखळला तर मागच्या गाडीवर जाईल. पण काढला की त्या जागी दुसरा बसवावा. कापून-वाकवून बसवता येणारे तयार पत्रे सुट्या भागांच्या दुकानात मिळतात.

मग हजार डॉलरचं बिल कुठून येतं? पुष्कळ गाड्यांत हा पत्रा सुटा विकतच नाहीत. तो नळीचा किंवा कन्व्हर्टरचा भाग म्हणूनच येतो. पुस्तकाप्रमाणे काम करणारं दुकान मग अख्खा भागच बदलायला सांगतं. त्यात ते लबाडी करतात असं नाही. तुम्ही "आवाज घालवा" म्हणता, ते त्यांच्या पद्धतीने घालवतात. म्हणून विचारणं आपलं काम आहे. दोन प्रश्न पुरेत: "गाडी लिफ्टवर असताना मला दाखवाल का?" आणि "क्लॅम्प लावून भागेल का?" पुण्या-नाशकातल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात आपण मेकॅनिकच्या शेजारी उकिडवे बसून शंभर प्रश्न विचारत होतो. इथं वातानुकूलित खोलीत कॉफीचा कप हातात आला की आपली वाचाच बसते. भिडेपोटी घासाघीस सोडली तर एक वेळ ठीक, पण प्रश्न विचारणं सोडू नये.

आवाजाआडचा आवाज

आता तब्येतीचा मुद्दा, आणि माझ्या मते खरा मुद्दा. हीट शील्ड सैल झाल्याने कुणी आजारी पडत नाही. पण ज्या मिठाने आणि पाण्याने तो पत्रा खाल्ला, त्यांनीच शेजारची नळी, तिचे सांधे आणि कधी कधी गाडीचा तळही खाल्लेला असतो. नळीला भोक पडलं तर बाहेर येतो तो कार्बन मोनॉक्साइड. कन्व्हर्टर त्याचा बराचसा भाग नष्ट करतो, पण गळती कन्व्हर्टरच्या आधी असेल, किंवा कन्व्हर्टर अजून थंड असेल, तर तो तसाच बाहेर पडतो, आणि तळाला भोक असेल तर आपल्या सीटपर्यंत येतो.

गळतीची खूण आवाजातच असते: गाडी थंड सुरू करताना फट-फट किंवा टिक-टिक, आणि वेग वाढवताना घोगरा आवाज. ज्याने सहा महिने खडखडाट ऐकून न ऐकल्यासारखा केला, त्याला हा नवा आवाज ऐकू येणार कसा? पत्र्याचा आवाज बंद करायचा तो कानाला बरं वाटावं म्हणून नव्हे, पुढचा आवाज ऐकू यावा म्हणून. रेडिओ मोठा करण्याला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आगी वगळता केवळ अपघाताने होणाऱ्या या विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसं दगावतात, असं सरकारी आरोग्य केंद्र सीडीसी सांगतं. यातली बरीच प्रकरणं घरातल्या भट्टीची आणि जनरेटरची असतात, पण गाडीचीही असतात. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून जाणं. आता विचार करा, भारतातून आलेले आई-वडील मागच्या सीटवर बसले आहेत आणि आईला मळमळतंय. आपण काय म्हणतो? "तिला गाडी लागते." किंवा "जेट लॅग अजून गेला नाही." तसं असेलही. पण गाडीतून उतरून मोकळ्या हवेत आलं की डोकं हलकं होतं, आणि एकाहून अधिक जणांना तसंच होतंय, असं दिसलं तर संशय घ्यायलाच हवा. काचा उघडाव्यात, सुरक्षित जागी थांबावं, सगळ्यांनी बाहेर यावं आणि ९११ ला फोन करावा. त्याच गाडीने दवाखाना गाठायचा प्रयत्न करू नये. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं बोटाचं ऑक्सिमीटर इथं फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजन घेतलेल्या रक्तासारखंच दिसतं, आणि आकडा छान येतो. हृदयविकार असलेले ज्येष्ठ, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना धोका अधिक.

याच ओघात तीन गोष्टी. एक, गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी तापवत ठेवू नये. दोन, हिमवादळानंतर गाडी सुरू करण्याआधी मागच्या धुराच्या तोंडावरचं बर्फ काढावं. जानेवारी २०१६ च्या मोठ्या हिमवादळात न्यू जर्सीत, बाहेर बर्फ उपसणं चालू असताना उबेसाठी चालू गाडीत बसलेल्यांचे जीव याच कारणाने गेले. तीन, गणपतीच्या मखराचं सामान लांब आहे म्हणून व्हॅनचं मागचं दार अर्धवट उघडं ठेवून चालवू नये. धूर आत ओढला जातो.

हिशेब

"एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता?" हा प्रश्न आपल्यात फार लवकर विचारला जातो, आणि त्यात थोडी लाजही असते. शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेत नवी गाडी, आणि आपली वाजत येते. पण जुनी गाडी हा आता अपवाद राहिलेला नाही. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये साडेबारा वर्षांच्या वर गेलं होतं. २०२३ मध्ये नव्या गाडीची सरासरी किंमत ४८ हजार डॉलरच्या आसपास होती आणि नव्या गाडीच्या कर्जाचा सरासरी हप्ता महिन्याला ७०० डॉलरहून जास्त. म्हणजे वर्षाला ८४०० डॉलर, आणि विमा वाढतो तो वेगळाच.

तेव्हा "गाडीची किंमतच तीन हजार, मग तिच्यावर एक हजार कसा घालू?" हा हिशेब मला पटत नाही. गाडी विकायची नसेल तर तिची बाजारातली किंमत घेऊन काय करायचं? खरा प्रश्न असा, की पुढच्या वर्षभरात ही गाडी किती मागेल, आणि हिच्याऐवजी दुसरी आणली तर ती किती मागेल. क्लॅम्प तर सोडाच, खराब झालेला कन्व्हर्टर बदलायला हजाराच्या वर खर्च आला तरी तो एक-दोन महिन्यांच्या हप्त्यांइतकाच होतो. तुमची गाडी आठ वर्षांच्या आणि ८०,००० मैलांच्या आत असेल तर कन्व्हर्टरवर केंद्र सरकारच्या नियमानुसार कंपनीची वॉरंटी असते. खिशातून पैसे काढण्याआधी तेवढं विचारावं.

मात्र काटकसरीलाही मर्यादा असते. गंज कातडीवर आहे की हाडात पोचला आहे, हे पाहिलं पाहिजे. हीट शील्ड, मफलर, दाराची कड हा कातडीवरचा गंज. गाडीचा सांगाडा, चाकांचे आधार आणि ब्रेकच्या नळ्या यांना धरलेला गंज हाडातला. ब्रेकच्या नळ्या गंजून फुटण्याचा धोका ध्यानात घेऊन २०१५ मध्ये महामार्ग सुरक्षा खात्याने मिठाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना पोट धुण्याची आणि नळ्या तपासून घेण्याची सूचना दिली होती. नळ्या बदलता येतात, आणि त्या ताबडतोब बदलाव्यात. पण स्क्रूड्रायव्हर टोचला की सांगाड्यात शिरत असेल, तर तिथं पैसे घालू नयेत. तेव्हा खुशाल गाडीला निरोप द्यावा. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत दर वर्षी सुरक्षा तपासणी होते, तिथं हे कुणीतरी पाहतं. मिशिगन-ओहायोत तशी नियमित तपासणी नाही. इथं ज्याचं त्यानेच पाहायचं.

आणि ज्यांनी पाहायचं त्यांच्याकडे पाहणारं कुणी नसतं, अशीही मंडळी आपल्यात आहेत. नुकताच शिकायला आलेला मुलगा जी पहिली गाडी घेतो ती बहुधा सर्वांत जुनी, चार हात बदललेली. खिशात पैसे कमी, हिवाळ्याचा अनुभव नाही, आणि मेकॅनिक म्हणेल ते ब्रह्मवाक्य. आपली कॉलेजात जाणारी मुलंही घरातली जुनी गाडीच नेतात.

यावर माझी एक साधी सूचना आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, हार घालतो. दसरा येतो सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात, म्हणजे रस्त्यावर मीठ पडण्याच्या बरोबर आधी. गाडीखाली पाहण्याचा याहून चांगला मुहूर्त नाही. पूजेच्या आधी, इंजिन थंड असताना, टॉर्च घेऊन पाच मिनिटं वाकावं. पत्रा सैल आहे का, नळीवर काजळीचा डाग आहे का, ब्रेकच्या नळ्यांना पोपडे आले आहेत का, एवढं पाहावं. मंडळात गाड्यांचं काम जाणणारी माणसं आहेत. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी त्यांनी दोन तास काढले तर दहा-वीस गाड्या सहज पाहून होतील. क्लॅम्प आणायला दुकानात जाल तेव्हा दोन जास्त घ्या, आणि ओळखीतल्या विद्यार्थ्याला फोन करून विचारा, की बाबा रे, तुझी गाडी कशी वाजते?